टिंबूचा बिल्ला

६ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुला नको ते वाटलं असेल, म्हणून आधी सांगून टाकतो: कुणी गेलेलं नाही. आई आहे. मीही आहे, पण घरात नाही. घरात तू आहेस. हे वाक्य मी दोनदा तपासलं, बरोबर आहे. पुढे वाच.

आईला विसरण्याचा आजार झालाय. डिमेन्शिया. हा शब्द कसा लिहायचा ते मी डॉक्टरांना विचारून घेतलं, कारण त्यांच्या चिठ्ठीवर नुसती रेघ होती. सुरुवात झाली तेव्हा ती गॅस पेटवून काडी फ्रीजमध्ये ठेवायची. नंतर बाबा कामावरून का आले नाहीत असं विचारू लागली.

इथे एक संस्था आहे. अशा माणसांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत सांभाळते, घरच्यांना कसं वागायचं ते शिकवते आणि देणग्या जमवून या आजारावरच्या संशोधनाला पैसा पुरवते. एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत आहे. बाहेर जायच्या दारावर त्यांनी पुस्तकांचं कपाट रंगवलंय, म्हणजे कुणाला ते दार वाटू नये. आईला मी सकाळी तिथे सोडतो, दुकानात जातो, दुकान सुटलं की घेऊन येतो. दुकान तेच, बाबांचंच टेबल. पाट्या, बिल्ले, ट्रॉफ्यांवरची नावं कोरतो.

संस्थेत घरच्या लोकांना शिकवायला एक ताई येतात. आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांना 'होताई' म्हणतो, कारण त्यांचा एकच मंत्र आहे. "खोडायचं नाही. हो म्हणायचं. त्यांचं जग त्यांना खरं आहे, तुम्ही तिथे पाहुणे आहात."

गेल्या उन्हाळ्यात मी एकदा पाव आणायला खाली गेलो होतो. वर आलो तर आई दारात. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आलास का रे दादा? केवढा वाळलास."

मला होताई आठवल्या. मी म्हणालो, "हो आई. आलो."

ती रडली, हसली, माझे कान ओढले. मग आत डोकावून म्हणाली, "आणि टिंबू कुठाय?"

काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "टिंबू कामासाठी बाहेरगावी गेलाय."

झालं. तेव्हापासून मी बाहेरगावीच आहे. आई रोज संध्याकाळी दार उघडून टिंबूची वाट बघत उभी राहते. (रोज म्हणजे पाऊस असला की नाही. पावसात टिंबू निघणार नाही, असं ती म्हणते.)

तुला साय आवडते ना? मला साय पाहिली तरी मळमळतं, तू मला चिडवायचास. नऊ-दहा महिने मी साय खातोय.

तर मागणं एवढंच आहे. तू आठ दिवस ये. खरा दादा समोर आला की माझी या नोकरीतून सुटका होईल. तू आत जा, बस, जेव. मी पिशवी घेऊन खाली उतरतो आणि मी म्हणून पुन्हा वर येतो.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरी नको. दादाचं पत्र दादालाच आलं तर आईला काय सांगू?

— टिंबू


२ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर मिळालं. दुकानाच्या मालकांनी ते माझ्या टेबलावर काच ठेवतात तसं दोन बोटांनी ठेवलं आणि "सगळं ठीक ना?" विचारलं. मी हो म्हणालो. आता माझ्या तोंडात दुसरा शब्दच उरलेला नाही.

तू लिहितोस, "ती मला काय म्हणाली ते तू ऐकलंस. आता तर ती ओळखणारही नाही. मग येऊन करू काय?" ऐकलं होतं. मी जिन्यावर बसलो होतो. 'बाप अंथरुणावर आणि हा निघाला. माझ्या लेखी मेलास.' विसरलेलो नाही. पण ज्या बाईने ते म्हटलं ती आता कुठे आहे, ते तू मला सांग.

मी एकट्याने प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. शेजारच्या काकूंना आईजवळ बसवलं, बाबांची जुनी बॅग घेतली, शर्ट बदलला, कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो आणि दार वाजवलं. "आई, मी टिंबू."

आई काकूंना म्हणाली, "बघा याची थट्टा. लहानपणापासून असाच आहे हा दादा." मग मला म्हणाली, "अरे, टिंबू माझा असा दार बडवत नाही. नखाने वाजवतो. आणि हा शर्ट आत्ताच बदललास ना? मळका कुठे टाकलास?"

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "पोरा, तू जेवलास का?"

नखाने वाजवतो हे मी स्वतः विसरलो होतो.

होताईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "अहो, हो म्हणायला सांगितलं होतं, गोष्ट रचायला नाही. 'टिंबू कुठाय' असं विचारलं की 'आठवण येते का त्याची' असं आपण विचारायचं. त्यांना बोलू द्यायचं. तुम्ही त्याला सरळ गावाला धाडून मोकळे झालात."

"आता परत आणता येईल?"

"कुणाला?"

"मला."

बहुतेक याचा मंत्र त्यांच्याकडे नसावा.

आता बिल्ल्याचं सांगतो. संस्थेत सगळे छातीवर मोठ्या अक्षरांचा बिल्ला लावतात, घरचे लोकसुद्धा. बिल्ल्यावर घरात हाक मारतात ते नाव घालतात, कारण आठवणीतून आडनावं आधी पुसली जातात. ती सगळी ऑर्डर आमच्याच दुकानात आली आणि मीच कोरली. पांढऱ्या प्लास्टिकवर काळी अक्षरं. माझा स्वतःचा बिल्ला करताना मी अनुस्वार मुद्दाम जरा ठळक घेतला, लांबून दिसावा म्हणून. पहिल्याच दिवशी आईने तो वाचला. "हा टिंबूचा आहे. तू का लावलास?" तिने तो काढून घेतला, रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. "आला की देईन त्याला. हरवतो फार."

संस्थेने मला दुसरा बिल्ला करून घ्यायला सांगितलं. त्यावरचं नावही मीच कोरलं. दादा.

— टिंबू


२१ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर नाही. तरी लिहितो, कारण हे दुसऱ्या कुणाला लिहिण्यासारखं नाही.

काल संस्थेची देणगीदारांची सभा होती. सभागृहात खुर्च्या, फुलं, पुढच्या रांगेत कोट घातलेली माणसं. या लोकांनी पैसे दिले तर पुढच्या वर्षीचं संशोधन चालणार, नाही तर नाही. म्हणून संस्था दर वर्षी एका घरच्यांना मंचावर बसवते. या वर्षी आम्हाला बसवलं. मी नको म्हणालो होतो. पण अध्यक्षबाई स्वतः आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "बाळ, आकडे ऐकून कुणी खिशात हात घालत नाही."

त्या वाईट नाहीत. संस्था त्यांनीच काढली, नवऱ्याच्या आजारानंतर. भाषणात म्हणाल्या, "माझे यजमान शेवटी मला बहीण समजायचे. मी म्हटलं, बरं झालं. बायको असताना माझ्याशी कधी धड बोलले नाहीत, बहिणीला सगळं सांगायचे." सभागृह हसलं. त्या हसल्या नाहीत, पाणी प्यायल्या.

मग आईच्या हातात माइक दिला. मला वाटलं ती घाबरेल. पण नाही रे, पूर्वी गल्लीत भांडायला उभी राहायची तशी ताठ बसली.

"हा माझा मोठा," म्हणाली. "रागावून गेला होता. आता परत आला. सगळं करतो माझं. केससुद्धा विंचरतो."

टाळ्या. मी खाली बघत होतो, माझ्या छातीवरच्या तुझ्या नावाकडे.

अध्यक्षबाई आभार मानायला उठल्या, पण आईने माइक सोडला नाही. "थांबा हो जरा. मला धाकटा आहे. टिंबू. गल्लीतले सगळे खेळात त्याला लिंबूटिंबू ठेवायचे, घ्यायचे पण मोजायचे नाहीत. फार गुणी आहे. बाहेरगावी गेलाय तो अजून आला नाही. तुमच्यापैकी कुणाला दिसला तर सांगा, म्हणावं आई वाट बघते."

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. सगळ्यांना वाटलं, एक मुलगा परत आला, दुसरा हरवला. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो, दादा. तोंड उघडलं असतं तर आई भर सभेत गोंधळली असती, संस्थेची सभा बिघडली असती आणि खोडायचं नाही हा नियम ज्याने मोडला तो मीच ठरलो असतो. मी तिच्या हातातला माइक सोडवला आणि म्हणालो, "येईल आई. येईल टिंबू."

बाहेर एक म्हातारे गृहस्थ मला भेटले. "परत आलात, फार चांगलं केलंत. माझा नाही आला." मी त्यांना धन्यवाद दिले. तुझ्या वतीने.

संस्थेच्या पैशातून आजारावर काम करणारी एक डॉक्टरीणबाई आहे, वयाने माझ्याएवढीच. ती आईला फोटो दाखवते, प्रश्न विचारते आणि रेकॉर्ड करते. तिला मी विचारलं, "या संशोधनातून माझा चेहरा तिला परत मिळेल का?" तिने खोटं सांगितलं नाही. "तुमच्या आईंना नाही मिळणार. कुणाच्या तरी आईला मिळेल कदाचित, म्हणून करतोय." मग म्हणाली, "तोवर घरात काही बदलू नका हं. त्या सध्या शांत आहेत."

शांत आहेत! खरंच शांत आहे ती. दाराला हल्ली आतून कुलूप असतं, नाहीतर ती टिंबूला शोधायला रस्त्यावर जाते. किल्ली माझ्या गळ्यात. अंघोळीला गेलो तरी गळ्यात. परवा नळाखाली गाणं म्हणत होतो, तर बाहेरून आईचा आवाज, "टिंबू?" मी गप्प झालो. तू गात नाहीस ना. मी ओले केस घेऊन बाहेर आलो तर ती दाराजवळ उभी, हात कडीवर. "त्याचा आवाज आला रे," म्हणाली.

मी 'हो' म्हणालो नाही. 'नाही'ही म्हणालो नाही. तिला खुर्चीत बसवलं.

आता तू येणार नसशील तर तसं स्पष्ट लिही. मग मी वाट बघणं सोडतो. या घरात एक जण दाराशी उभा असला म्हणजे पुरे.

— टिंबू


५ मे

दादा,

शनिवारी येतोस हे वाचलं. मालकांसमोर वाचलं आणि त्यांनी मला बसायला सांगितलं.

काही गोष्टी लिहून ठेवतो, रागावू नकोस. खालचं फाटक ढकलू नकोस, ओढ. जिन्यातला दिवा बंद आहे. दुपारी जेवणानंतर ये, तेव्हा आई निवांत असते. तू यायच्या आधी मी आतल्या खोलीत जाईन, म्हणजे तिला दोन दादा एकदम दिसणार नाहीत. काकू दार उघडतील. केस मागे घे, कपाळ दिसू दे. दाढी काढ. फोटोतला तू बिनदाढीचा आहेस.

तिने ओळखलं तर उत्तमच. मी तासाभराने मागच्या जिन्याने खाली जाईन आणि पिशवी घेऊन वर येईन. नखाने वाजवीन.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. ती जे म्हणेल त्याला हो म्हण. शिव्या दिल्या तरी हो. बाबा कुठे विचारलं तर कामावर. काहीही झालं तरी खोडू नकोस.

— टिंबू


१४ मे

दादा,

तू गेल्यापासून तीनदा कागद पुढे घेतला आणि बाजूला ठेवला. शनिवारी जे झालं ते तू पाहिलंस, पण तू बहुतेक वेळ जमिनीकडे बघत होतास. मी आतल्या खोलीच्या दाराच्या फटीतून आईचा चेहरा पाहत होतो. म्हणून लिहितो.

काकूंनी दार उघडलं. तू हातात बॅग घेऊन उभा. घामाघूम, केस मागे घेतलेले, मी सांगितलं तसे. आईने तुझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, सुटलो. ओळखलं.

ती म्हणाली, "टिंबू!"

तू मान वळवून आतल्या दाराकडे पाहिलंस. मला दिसत होतास. मी बाहेर यायला हवं होतं का? अजून ठरत नाही. तुझी चूक नाही. मीच तुला लिहिलं होतं, काहीही झालं तरी खोडू नकोस. तू म्हणालास, "हो आई. आलो."

तिने पर्समधला रुमाल काढला, त्यातला बिल्ला काढला आणि तुझ्या शर्टाला लावला. पिन टोचली असेल, कारण तू खांदा आकसलास. मग तिने माझ्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला. "दादा आत असेल. तो हल्ली इथेच असतो. भांडू नका दोघं."

मी बाहेर आलो. दादा म्हणून. आपण दोघं समोरासमोर बसलो, तुझ्या छातीवर मी आणि माझ्या गळ्यात किल्ली. आईने तुला विनासायीचं दूध दिलं आणि सगळी साय मला. तू हसलास. मीही हसलो. पुढचं हसणं मला आवरेना म्हणून मी दूध तापवायच्या निमित्ताने आत गेलो.

आणि तेवढ्यात आई तुझ्याशी बोलायला लागली. हळू आवाजात. पातेल्याखाली गॅस सूं सूं करत होता. मी तो बंद केला, तर नेमका खाली कचऱ्याचा ट्रक आला. मला एकच शब्द नीट ऐकू आला, 'शाळा'. नंतर बरंच काही ती बोलली. तुझा हात धरून. मी बाहेर आलो तेव्हा ती थांबली होती आणि तू उठून गॅलरीत गेला होतास.

मी तुला रात्री विचारलं, सकाळी विचारलं, स्टँडवर विचारलं. तू म्हणालास, "ते तुझं आहे. मला नीट सांगता येणार नाही." आणि बसमध्ये चढलास. बिल्ला शर्टावर तसाच होता.

दादा, ते माझंच आहे, म्हणून तर मागतोय.

तू गेलास, बाबा गेले आणि नववीत असताना आईने माझी शाळा सोडवून मला बाबांच्या टेबलावर बसवलं. मास्तर घरी आले होते, तिने त्यांना दारातूनच परत पाठवलं. मी काही बोललो नाही. तीही कधी बोलली नाही. आता बोलली, आणि मी दूध तापवत होतो.

पण मागण्याआधी मला द्यायला हवं. तुझंही काही माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यापासून आहे. सहज लिहिता आलं असतं, पहिल्याच पत्रात. नाही लिहिलं. वाटलं, इथे साय मी खायची, केस मी विंचरायचे आणि हे मात्र आयतं तुला जायचं? ते माझ्यापाशीच राहू दे. आता घे.

मी तिची नखं कापत होतो. ती माझ्याकडे, म्हणजे तुझ्याकडे, न बघता म्हणाली:

"तू निघालास तेव्हा मी बोलले ते तोंडातून आलं, पोटातून नाही. तुझ्या बापाला अंघोळ घालायची होती, पाणी गार होत होतं. कुणावर तरी ओरडायचं होतं आणि दारात तू होतास. तू कोपऱ्यावर वळेपर्यंत मला दिसत होतास. हाक मारणार होते. तेवढ्यात त्यांनी आतून पाणी मागितलं. पाणी देऊन आले तर तू नव्हतास. मग मी रोज दारात उभी राहायचे. टिंबूला सांगायचे, वारा खाते."

एवढंच. एकही शब्द माझा नाही. मला ते खरंच वाटायचं, वारा खाते म्हणून.

आई आता दारात उभी राहत नाही. टिंबू येऊन गेला, पुन्हा कामावर गेला, बिल्लाही घेऊन गेला, असं ती सगळ्यांना सांगते. होताई म्हणाल्या, "छान झालं, आता हे असंच राहू द्या." डॉक्टरीणबाईने लिहून घेतलं. कुलूप मात्र मी लावतोच, सवय झालीय. परवा दार उघडं राहिलं आणि आई त्याकडे फिरकलीसुद्धा नाही. मीच जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. कोपरा दिसतो तिथून.

आता तू लिही. तिने काय सांगितलं, शब्दन् शब्द. तुझं अक्षर गिचमिड आहे आणि तू र्‍हस्व-दीर्घ कधीच पाळत नाहीस. चालेल, मी लावून घेईन. पण शब्द तिचेच घाल. सुधारू नकोस, गोड करू नकोस आणि मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस.

बिल्ला ठेव तुझ्याकडे. पुन्हा आलास तर लागेल.

आणि या वेळी पत्र दुकानावर नको, घरी पाठव. पाकिटावर टिंबू नको, माझं पूर्ण नाव घाल, शाळेच्या दाखल्यावर होतं ते. आमचा पोस्टमन जिन्यातूनच नाव पुकारत येतो. आईला त्या नावाचं कुणी आठवणार नाही, तेव्हा तिचा काही गोंधळ होणार नाही.

मी म्हणेन, हो. मीच.